गाण्यांचा जुना कॉम्प्युटर बदलायचा तर खर्च किती?

वीस वर्षांपूर्वी कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवणारी घरे नांदगावातही आहेत. तो डबा अजून कोपऱ्यात घुरघुरत असेल, तर त्यातले सगळे बाजारात परत मिळणारे नाही. भीमसेन जोशी आज कुठेही ऐकता येतात. आजोबांनी म्हटलेली आरती किंवा गावच्या गणेशोत्सवातल्या मैफलीचे रेकॉर्डिंग मात्र त्या एकाच डिस्कवर आहे. म्हणून पहिला रुपया नव्या यंत्रावर घालू नका, डिस्कच्या दुसऱ्या प्रतीवर घाला.

किती जागा लागेल ते आधी पाहा. एक तासाची कॅसेट ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये साधारण १४५ एमबी घेते. आवाजाचा कणही न गमावणाऱ्या फ्लॅकमध्ये ती ३०० एमबीच्या आसपास जाते. म्हणजे ५०० कॅसेटी फ्लॅकमध्ये ठेवल्या तरी १५० जीबीत बसतात. ५०० जीबीची पोर्टेबल एसएसडी पुरून उरते. तिला अंदाजे ४ ते ६ हजार धरा. जुनी डिस्क टक-टक आवाज करत असेल तर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. ती बाहेर काढून जाणकाराकडे न्या. धडधाकट असेल तर आजच कॉपीला लावा. जुन्या यूएसबीवरून इतका माल उतरायला दीड-दोन तास, कधी जास्तही लागतात.

आता विजेचे गणित. जुना डेस्कटॉप साधारण ७० वॉट खातो. तो चोवीस तास चालू असेल तर महिन्याला ५० युनिट. त्याच्या जागी गाणी वाजवायला बसवता येणारे रास्पबेरी पाय ४ हे छोटे बोर्ड डिस्कसकट ५ वॉटच्या आसपास खाते, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला साडेचारशेच्या वर वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो, त्यामुळे वाचणारे युनिट बहुधा महागातलेच असतात. पण तुमचा डबा दिवसाला तीनच तास चालत असेल, तर तो महिन्याला सहा-सव्वासहा युनिटच खातो. अशा घरी चोवीस तास चालणारा पाय महिन्याला २५-३० रुपयेच वाचवेल. तेव्हा विजेच्या नावाखाली खरेदी करू नका.

तुमचा डबा किती खातो ते फुकटात मोजता येते. घरातले बाकी सगळे बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा दहा मिनिटे मोजा. एका युनिटला किती लुकलुकी ते मीटरवरच छापलेले असते. समजा ३२०० आहे आणि दहा मिनिटांत ३७ मोजल्या, तर झाले ६९ वॉट.

बोर्ड घेताना पाय ४चे १ किंवा २ जीबीचे मॉडेल पुरते. गाणी वाजवायला ८ जीबी लागत नाही, आणि २०२५च्या अखेरीस मेमरी महागल्यापासून जास्त जीबीच्या बोर्डांचे भाव वाढले आहेत. बोर्ड ४ ते साडेपाच हजार, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर ७०० ते ९००, ३२ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड ४००-५००. मोबाइलचा कुठला तरी चार्जर लावून पैसे वाचवू नका. व्होल्टेज पडले की बोर्ड अडखळते. बोर्ड गावात मिळणे कठीण. कंपनीच्या संकेतस्थळावर भारतातल्या अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिथून जीएसटी बिलासह मागवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करायलाच हवा. ८० अंशांच्या पुढे तापले की पाय आपणहून वेग कमी करतो. हीटसिंक जोडलेली धातूची पेटी ५००-७००ला येते. ती घ्या आणि टीव्हीमागच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वीज अचानक जाण्याचा धोका याहून मोठा, कारण त्याने कार्डावरची प्रणाली बिघडू शकते. म्हणून मी पायकोअरप्लेअर ही प्रणाली सुचवतो. ती सुरू होताना सगळी मेमरीत चढते, कार्डावर सतत लिहीत नाही. तिच्यातच लिरियन म्युझिक सर्व्हर बसवता येतो. दोन्ही फुकट आहेत. गाणी मोबाइलच्या ब्राउझरवरून निवडायची. घरचे वायफाय पुरते, इंटरनेट नसले तरी चालते. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि पाय दोन्ही त्यावरच ठेवा.

पाय ४वर हेडफोनचे भोक आहे, पण तानपुरा एकटा वाजतो तेव्हा त्यातली खरखर कानाला लागते. ८००-१००० रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड लावा. कॅसेटवरून आलेल्या आवाजाला त्याहून महागडे कार्ड घेणे मला पटत नाही. पाय ५ घेणार असाल तर त्याला हे भोकच नाही, हे लक्षात असू द्या. जुन्या अॅम्प्लिफायरला जोडायची वायर दीड-दोनशेला मिळते.

एकूण हिशेब: डिस्क सोडून साडेसहा ते पावणेनऊ हजार, डिस्क धरून साडेदहा ते पावणेपंधरा. डबा चोवीस तास चालणाऱ्या घरी डिस्क सोडूनचे पैसे साधारण दीड वर्षात वसूल होतात.

खरा वेळ जातो तो नावे लावण्यात. एकाच गायकाचे नाव तीन स्पेलिंगांनी लिहिलेले असले तर यादीत तीन गायक दिसतात. विंडोजवर फुकट मिळणाऱ्या एमपी३टॅगमध्ये ती एकदम दुरुस्त होतात. ‘कट्यार काळजात घुसली’ हे अल्बमच्या रकान्यात, वसंतराव देशपांडे कलाकाराच्या, जितेंद्र अभिषेकी संगीतकाराच्या. राग प्रकाराच्या रकान्यात लिहिला की एका दाबात सगळे यमन समोर येतात. रविवारी पन्नास कॅसेटी, एवढेच ठरवा. घरगुती रेकॉर्डिंगांपासून सुरुवात करा, कारण त्यात कोण गाते हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ती नावे भरता येतील.

जुना डबा भंगारात देताना आतली डिस्क काढून घ्या. चालू असेल तर तीच राखीव प्रत. कापडात गुंडाळून नातेवाइकांकडे, दुसऱ्या घरात ठेवा.