बरा होऊन घरीं आलेला मनुष्य

हा पाठ व्यसन सोडूं पाहणाऱ्याकरितां नव्हे. व्यसन सोडून घरीं आलेल्याकरितां, आणि त्याहूनही अधिक त्याच्या घरच्यांकरितां व मंडळीकरितां आहे. मनुष्य बरा होऊन आला म्हणजे काम संपलें, असें आपण समजतों. खरें पाहतां तें त्या दिवशीं सुरू होतें.

पुण्यांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट ह्या दांपत्यानें मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र स्थापन केलें. त्या वेळीं गर्दानें शहरांतील तरुणांस ग्रासलें होतें. तेथील मुक्काम ३५ दिवसांचा. परंतु घरीं गेल्यावरही रोग्यानें पाठपुराव्याच्या सभांस येत राहावें, असा आग्रह असतो, आणि घरच्यांसही ह्या कामीं शिकविलें जातें. व्यसनमुक्तीचा वाढदिवसही तेथें साजरा करितात. ३५ दिवसांत शरीर सांवरतें. मनाची जुनी वाट बुजण्यास वर्षें लागतात.

१. पडणें केव्हां सुरू होतें?

समजा, अंकुशनगरच्या साखर कारखान्यास ऊस तोडणाऱ्या टोळींतील एक तरुण गांजा सोडून आला आहे. आठ महिने त्यानें चिलमीस हात लाविला नाहीं. मग गळिताचा हंगाम संपतो. उचल फिटलेली नसते. हिशेबावरून मुकादमाशीं तंटा होतो. त्याची झोंप उडते. तो घरांत अबोल होतो, सभेस येईनासा होतो, आणि जुन्या सोबत्यांच्या अड्ड्यावरून जाऊं लागतो. एके रात्रीं चिलीम ओठांस लागते. लोक म्हणतात, ‘काल पडला.’ आम्ही म्हणतों, तो तीन आठवडे पडतच होता. कोणी विचारिलें नाहीं, इतकेंच.

२. सावध राहण्याच्या जागा

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट ह्यांनीं ह्या गोष्टीचा फार अभ्यास केला. ज्युडिथ गॉर्डन ह्यांजबरोबर सिद्ध केलेला त्यांचा ग्रंथ १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. पुन्हां व्यसनाकडे नेणारे तीन प्रसंग त्यांस विशेष आढळले: मनाची खिन्नता किंवा राग, आपल्या माणसांशीं भांडण, आणि सोबत्यांचा आग्रह. उपाशीपण, थकवा व एकटेपण ह्यांचाही ह्यांत भर घालावा.

म्हणून बरा झालेल्यानें आपल्या धोक्याच्या जागा, वेळा व माणसें लिहून काढावीं, आणि प्रत्येकापुढें त्या वेळीं काय करावयाचें तें आधींच ठरवावें. तलफ लाटेसारखी चढते व ओसरते. ती ओसरेपर्यंत जागा सोडावी, पाणी प्यावें, कोणाजवळ तरी बोलावें. जन्मभराची शपथ घेण्यापेक्षां ‘आज नाहीं’ हा निश्चय रोज करणें सोपें.

३. पाय घसरलाच तर

एकदां घसरलेला मनुष्य म्हणतो, ‘आतां सर्व गेलेंच, मग पुरेंच होऊं दे.’ पहिल्या घोटापेक्षां ही निराशा अधिक घातक आहे. वाटेंत ठेंच लागली म्हणून कोणी गांवापासून पुन्हां चालावयास लागत नाहीं. त्यानें त्याच दिवशीं आपल्या विश्वासाच्या माणसास सांगावें. ऐकणाऱ्यानें टोमणा मारूं नये, चारचौघांत लाजवूं नये. लाजविलेला मनुष्य पुढच्या वेळीं लपवितो.

एक गोष्ट मात्र कठोरपणें सांगितली पाहिजे. गर्द किंवा अफू सोडून कांहीं काळ गेला, म्हणजे शरीराची पूर्वींची सहनशक्ति उरत नाहीं. पूर्वीं पचत असे तेवढीच मात्रा आतां श्वास बंद पाडून प्राण घेऊं शकते. तसेंच, दारू पुन्हां कांहीं दिवस अखंड चालली असल्यास ती घरींच एकदम तोडूं नये. झटके येण्याचें भय असतें. दवाखान्यांत न्यावें. डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें ‘तेंही व्यसनच’ म्हणून बंद पाडूं नयेत. सल्ल्याकरितां १४४४६ हा सरकारी दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आहे.

मंडळीनें विचारावयाचे प्रश्न

(१) आपल्या गांवीं बरा होऊन आलेला कोण आहे, आणि त्यास शेवटचें कधीं भेटलों?
(२) हंगाम संपल्यावर रिकाम्या दिवसांत त्याच्या हातास कोणतें काम देतां येईल?
(३) तो उद्यां घसरला, तर सांगण्यास आपल्या दारीं येईल काय? येणार नसेल, तर दोष त्याचा किती व आपला किती?