नवा बेसबॉल मोसम : तिकीट स्वस्त, बाकी सगळं महाग

वानखेडेवरच्या मॅचचं तिकीट मिळालं, तर आपल्याकडे ती चार घरी सांगायची बातमी असते. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे. संघ ३०, प्रत्येकाचे साखळी सामने १६२, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एवढा माल बाजारात असल्यावर तिकीट मिळेल की नाही याची चिंताच नको. कोणत्या दिवसाचं घ्यायचं, एवढंच ठरवायचं असतं. ते नीट ठरवलं तर चौघांचं कुटुंब सव्वाशे डॉलरच्या आसपास सामना पाहून येतं. चुकलं, तर त्याच खुर्च्यांवर बसून दुपटीहून जास्त पैसे जातात.

यंदा (२०२६) पहिला सामना २५ मार्चला रात्री, सॅन फ्रान्सिस्कोत, न्यूयॉर्कचे यांकीज विरुद्ध तिथलेच जायंट्स. बाकीचे संघ दुसऱ्या दिवसापासून उतरतील आणि साखळी सप्टेंबरअखेर संपेल. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२४ पाठोपाठ २०२५ चंही विजेतेपद पटकावलं, तेही टोरांटोत सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात. त्यामुळे यंदा डॉजर्स ज्या गावात जातील, तिथे त्या तीन-चार दिवसांचे दर चढलेलेच दिसतील. त्यांच्या ओहतानी या ताऱ्याला पाहायची हौस असेल तर ती किंमत मोजा, माझी ना नाही. पण मुलांना बेसबॉल म्हणजे काय ते दाखवायचं असेल, तर समोर तळाचा संघ आला तरी काही बिघडत नाही.

तिकिटांचे दर विमानाच्या तिकिटांसारखे रोज हलतात. प्रतिस्पर्धी कोण, वार कोणता, हवा कशी, भेटवस्तू काय, यावर सगळं ठरतं. सर्वांत महाग म्हणजे घरचा सलामीचा सामना. माझं स्पष्ट मत आहे की त्या वाटेला जाऊच नये. अमेरिकेच्या ईशान्येत तेव्हा कडाक्याची थंडी असते, रांगा लांब असतात आणि खेळ तोच असतो. एप्रिल-मे महिन्यांतले सोमवार ते गुरुवार बघा, शाळा सुरू असल्यामुळे स्टँड रिकामे असतात. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरातही अशा संध्याकाळी वरच्या मजल्याचं तिकीट साधारण २० ते २५ डॉलरला मिळतं.

खरेदीची वेळही महत्त्वाची. सीटगीक, स्टबहब अशा पुनर्विक्रीच्या ठिकाणी मोसमी तिकीटवाले आपली नको असलेली तिकिटं काढत असतात. सामना संध्याकाळी सातचा असेल तर दुपारी तीन-चारला ॲप उघडून ठेवा. विकलं नाही तर सातनंतर त्या तिकिटाला किंमत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळे सकाळी ३१ दिसलेला आकडा हळूहळू २६, २२ असा खाली येतो. शनिवार-रविवारी किंवा डॉजर्स आले असताना मात्र हा खेळ खेळू नका, तेव्हा दर उलटे वरही जातात. आणखी एक दिलासा आहे. मे २०२५ पासून सगळ्या सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणं अमेरिकेत केंद्रीय नियमानं बंधनकारक झालं आहे. पूर्वी १८ डॉलरचं तिकीट पैसे भरायच्या पानावर २७ व्हायचं, तो प्रकार आता चालत नाही. तरीही क्लबचं ॲप आणि पुनर्विक्रीचं ॲप, दोन्ही शेजारी ठेवून बघाच.

खुर्ची निवडताना नवखे लोक मैदानालगत बसायचा हट्ट धरतात आणि बाहेरच्या कोपऱ्यात, उन्हात जाऊन बसतात. त्यापेक्षा होम प्लेटच्या मागचा वरचा मजला घ्या. पिचरचा चेंडू कसा वळतो, क्षेत्ररक्षक फलंदाज बघून कसे सरकतात, ते तिथूनच कळतं. दुपारचा सामना असेल तर तिसऱ्या बेसची बाजू बघा. बहुतेक मैदानांत सावली आधी तिकडे येते. यंदा एक नवी गंमतही आहे. पंचाचा बॉल-स्ट्राइकचा निर्णय पटला नाही तर फलंदाज, पिचर किंवा कॅचर डोक्यावर टपली मारून आव्हान देऊ शकतो, आणि मोठ्या पडद्यावर लगेच चेंडूचा मार्ग दिसतो. प्रत्येक संघाला अशी दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आपल्या डीआरएसचा हा चुलत भाऊ, फक्त निकाल काही सेकंदांत. म्हणून पडदा नीट दिसेल अशीच जागा घ्या.

आता खरा खर्च. न्यूयॉर्कच्या स्टेडियमजवळ गाडी लावायची म्हणजे पन्नासेक डॉलर सहज जातात, आणि न्यू जर्सीहून येणाऱ्याला जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा टोल वर. म्हणजे गाडीची जागा माणसाच्या दुप्पट महाग! ब्राँक्समध्ये १६१व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनातून बाहेर पडलात की यांकीजचं स्टेडियम समोरच असतं. ४, बी आणि डी या गाड्या तिथे जातात, जानेवारी २०२६ पासून भाडं ३ डॉलर. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाच्या, मेट्सच्या सिटी फील्डला ७ नंबरची गाडी दारात सोडते. (२०१५ मध्ये सचिन आणि शेन वॉर्नच्या संघांनी क्रिकेट खेळून दाखवलं ते हेच मैदान, आपल्यापैकी अनेकांनी बेसबॉलचं मैदान पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.) शिकागोत रिग्ली मैदानाला रेड लाइनचं ॲडिसन स्टेशन, बोस्टनात फेनवेला ग्रीन लाइनचं केनमोर. पिच क्लॉक (पिचरला चेंडू टाकायला ठरावीक सेकंदच देणारं घड्याळ) आल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो, त्यामुळे शेवटची गाडी चुकायची भीतीही कमी झाली आहे.

खाण्याचं बहुतेकांना माहीतच नसतं. बहुसंख्य बॉलपार्कांत घरचं खाणं आणि सील न उघडलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली नेऊ देतात. बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स तर यासाठीच प्रसिद्ध आहे. काच, कॅन आणि स्टीलचा डबा मात्र घरीच ठेवा. बटाट्याची सुकी भाजी पोळीत गुंडाळून प्रत्येकाची वेगळी झिपलॉक पिशवी केली की फाटकावर कुणी हटकत नाही. पिशवी १६ बाय १६ बाय ८ इंचांपेक्षा मोठी नको. काही मैदानांत पारदर्शकच लागते, पाठीवरची सॅक चालत नाही. निघण्यापूर्वी क्लबच्या पानावर तेवढं बघून घ्या. आत हॉट डॉग सात-आठ डॉलर, बिअर पंधराच्या घरात, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला फ्राइज, प्रेट्झेल आणि नाचोज. मुलांना आइस्क्रीम मात्र आतच घेऊन द्या. प्लास्टिकच्या छोट्या हेल्मेटमधून मिळतं आणि ते हेल्मेट घरी नेता येतं.

म्हणजे मंगळवारची चार तिकिटं ९० ते १००, सबवे २४, आइस्क्रीम वेगळं. गाडी नेली आणि आतच जेवलात तर तोच आकडा तीनशेच्या आसपास जाऊन उभा राहतो. टोपी-जर्सीच्या दुकानाकडे वळलात तर विचारूच नका. अस्सल टोपी चाळीसेक डॉलर, जर्सी सव्वाशेच्या पुढे. फुकट टोपी किंवा बॉबलहेड (मान डोलावणारी खेळाडूची बाहुली) वाटायचे दिवस वेळापत्रकात दिलेले असतात. पहिल्या काही हजारांनाच मिळतं, त्यामुळे फाटक उघडायच्या वेळी हजर राहा. फाउल झालेला चेंडू हाती आला तर तो तुमचाच, परत द्यायचा नाही. पावसानं सामना रद्द झाला तर तिकीट सहसा बदली सामन्याला चालतं, रोख पैसे परत मिळतीलच असं धरू नका.

हे सगळं जास्त वाटत असेल तर मायनर लीगकडे वळा. मेजर लीगशी संलग्न असे १२० संघ आहेत, तिकिटं बहुतेक ठिकाणी १० ते २५ डॉलर, आणि खेळाडू इतके जवळ की ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज ऐकू येतो. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जाणाऱ्या आपल्या किती मंडळींना माहीत आहे की त्याच गावात यांकीजचा डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा) संघ, सॉमरसेट पेट्रियट्स, खेळतो? यांकीजचा अँथनी व्होल्पी वर पोचण्याआधी इथे खेळला. न्यू जर्सी ट्रान्झिटचं स्टेशन मैदानाला लागूनच आहे. सॅन होजेत जायंट्सचा, वूस्टरमध्ये रेड सॉक्सचा आणि ह्यूस्टनजवळ शुगरलँडला ॲस्ट्रोजचा असाच धाकटा संघ आहे. पहिल्यांदा मुलांना न्यायचं असेल तर मी इथेच न्यायला सांगेन.

घरी बसून पाहणं स्वस्त, असा समज असेल तर तो सोडा. यंदा सामने इतक्या ठिकाणी विखुरले आहेत की सगळं घेणारा माणूस दिवाळखोर व्हायचा. सलामी नेटफ्लिक्सवर, शुक्रवारचे काही सामने ॲपल टीव्हीवर (महिना १३ डॉलर), रविवार रात्र एनबीसी आणि पीकॉकवर (पीकॉक जाहिरातींसह ११), बाकी फॉक्स, टीबीएस आणि ईएसपीएन. बहुतेक सामने दाखवणारं एमएलबी टीव्ही २०२५ च्या मोसमात वर्षाला १५० डॉलर होतं. यंदापासून त्याची विक्री ईएसपीएनकडे आहे. इथेच खरी मेख आहे. तुमच्या भागातला संघ त्यात सहसा दिसतच नाही, ब्लॅकआउट असतो. न्यू जर्सीत राहून यांकीजसाठी हे पॅकेज घेणाऱ्याला नेमके यांकीजच दिसत नाहीत! आधी आपला झिप कोड टाकून बघा. घरचाच संघ पाहायचा असेल तर त्याच्या प्रादेशिक वाहिनीचं ॲप घ्या, महिना साधारण २० ते ३० डॉलर, आणि एक-दोन महिनेच. टी-मोबाइलचे ग्राहक असाल तर मोसमाच्या सुरुवातीला त्यांचं ॲप बघा. एमएलबी टीव्ही ते अनेक वर्षं फुकट देत आले आहेत. स्थानिक रेडिओला तर काहीच पडत नाही, आणि भांडी घासताना बेसबॉल ऐकण्यासारखं सुख नाही.

पुण्या-मुंबईहून पाहणाऱ्यांना स्थानिक ब्लॅकआउटची कटकट नाही, कटकट घड्याळाची. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, दुपारी एकचा रात्री साडेदहाला. कॅलिफोर्नियातला संध्याकाळचा सामना मात्र सकाळी साडेसातच्या चहाबरोबर बसतो. पैसे डॉलरमध्ये जाणार असतील तर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी धरूनच हिशेब करा.

ऑक्टोबरचं वेगळं बजेट ठेवा. बारा संघ बाद फेरीत जातात आणि मंगळवारी २५ डॉलरला मिळणारी तीच खुर्ची तेव्हा ओळख दाखवत नाही. मोसमी तिकीटवाल्यांनी यंदा आणखी एक गोष्ट तपासावी. मालक आणि खेळाडूंमधला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी ९९ दिवस टाळेबंदी चालली, तरी १६२ सामने झाले. पुढच्या वर्षी तसंच होईल याची हमी कोण देणार? सामने कमी झाले तर पैसे रोख परत मिळणार की नुसते खात्यात जमा राहणार, हे क्लबकडून लेखी घ्या. अर्जावर आपोआप नूतनीकरणाची खूण बहुतेकदा आधीच केलेली असते. ती काढून मगच सही करा.