संगणकावरील कोरें पान मराठीचें कसें करावें

संगणकावर लेखनाचा कार्यक्रम उघडतांच जें कोरें पान पुढें येतें, तें वास्तविक कोरें नसतें. कागदाचें माप, समास, अक्षराचें वळण व आकार, इतकेंच नव्हे तर लिहिणाराची भाषासुद्धां त्यांत आधींच ठरलेली असते. हें सर्व ज्यांत सांठविलेलें असतें त्या सांच्यास टेम्पलेट म्हणतात. तो तयार करणारांपुढें इंग्रजी लिहिणारा मनुष्य होता, पोंभुर्ण्याचा विद्यार्थी नव्हता. म्हणून आमचीं मुलें निबंध लिहावयास बसलीं म्हणजे प्रथम फॉन्ट बदलण्यांत वेळ जातो, आणि पुढें शुद्ध शब्दाखालींहि तांबडी रेघ उमटते. पुष्कळ यंत्रांवर देवनागरीची भाषा हिंदी म्हणून नेमलेली असते. मग ‘आहे’ हा शब्दहि यंत्रास अशुद्ध वाटतो. चूक आपली कीं यंत्राची हें मुलास कळत नाहीं, व तें आपला बरोबर शब्द खोडून टाकतें. वेळ गेला तर गेला. हें नुकसान मात्र आम्हांस मोठें वाटतें.

उपाय एकदांच करावयाचा आहे. परंतु त्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या कार्यक्रमांत अक्षरांचे दोन कप्पे असतात: एक रोमन लिपीचा, दुसरा देवनागरी, अरबी इत्यादि लिपींचा. या दुसऱ्यास ‘कॉम्प्लेक्स’ असें नांव आहे. पहिल्या कप्प्यांत कितीहि अदलाबदल केली तरी मराठी अक्षर जागचें हालत नाहीं, आणि लोक यंत्रास दोष देतात!

लिबरऑफिस रायटर हा कार्यक्रम फुकट मिळतो. त्यांत टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषेचा विभाग उघडून कॉम्प्लेक्स लिपीची भाषा मराठी करावी. कांहीं फॉन्टांत तर असें केल्यावरच ‘ल’ आणि ‘श’ हे मराठी वळणाचे उमटतात. नंतर नव्या पानावर कागद ए-४ (२१० बाय २९७ मिलिमीटर) ठेवावा, अर्ज फाइलींत टोंचतां यावेत म्हणून डावीकडे दीड इंच समास सोडावा, मूळ परिच्छेदशैलींत दुसऱ्या कप्प्यांतील फॉन्ट निवडावा, आणि फाइल या यादींतून तें पान टेम्पलेट म्हणून ठेवावें. ठेवतांना ‘डिफॉल्ट’ या शब्दाच्या चौकटींत खूण करण्यास विसरूं नये. यापुढें प्रत्येक नवें पान तसेंच उघडेल. जुन्या पानांस मात्र त्याचा स्पर्श होत नाहीं.

वर्ड या कार्यक्रमांत कंट्रोल व डी हीं बटणें एकत्र दाबून फॉन्टची खिडकी उघडावी, दुसरा कप्पा भरावा, ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबावें व सर्व पानांसाठीं असा पर्याय घ्यावा. सांच्याचें नांव तेथें ‘नॉर्मल’ असें आहे. तो बिघडल्यास वर्ड बंद करून त्या फाइलीचें नांव बदलावें. पुढच्या वेळीं वर्ड आपण होऊन नवा सांचा करतो. शाळेच्या सामाईक यंत्रावर हा उद्योग शिक्षकांस विचारल्याशिवाय करूं नये.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. वनहक्काचे दावे, ग्रामसभेचे ठराव व दाखल्यांचे अर्ज पुष्कळांनीं बाजारांतून टंकित करून घेतलेले असतात. त्यांतील कित्येक जुन्या फॉन्टांत असतात. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागीं देवनागरीचीं चित्रें बसविलेलीं असत. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर दाव्याच्या ठिकाणीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडानें देवनागरीस स्वतःच्या १२८ जागा दिल्या, त्यामुळें त्यांत लिहिलेलें कोठेंहि मराठीच राहतें. जुना मजकूर नुसता फॉन्ट बदलून सुधारत नाहीं. तो परिवर्तकांतून काढावा लागतो, आणि नंतर रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरें डोळ्यांखालून घालावीं, कारण बहुधा तेथेंच घोटाळा होतो. गट क्रमांक व नांवें मूळ कागदाशीं दोघांनीं मिळून ताडून पाहावीं, एकानें वाचावें व दुसऱ्यानें बोट ठेवावें.