द्राक्षांतील औषधांचा अंश यंत्रास कसा दिसतो ?

शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्या बागाइतदारांचा द्राक्षमाल परदेशीं जातो, त्यांच्या हातीं काढणीपूर्वीं प्रयोगशाळेचा अहवाल येतो. त्यावरील "आढळला नाहीं" या शब्दांचा खरा अर्थ समजून घेणें त्यांच्या हिताचें आहे.

द्राक्षांचा लगदा योग्य द्रावणांत घोळला म्हणजे औषधांचा अंश त्यांत उतरतो. पण त्याबरोबर रंग, साखर व आम्लेंही येतात. म्हणून तें मिश्रण बारीक भुकटीनें भरलेल्या नळींतून दाबानें ढकलतात. भुकटीस अधिक चिकटणारा पदार्थ मागाहून व कमी चिकटणारा आधीं बाहेर पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानें पानांतील रंग खडूच्या भुकटींतून असेच वेगळे केले होते.

वेगळा झालेला पदार्थ ओळखण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकींत त्यावर अतिनील किरण सोडून, त्यानें कोणते किरण किती शोषिले, हें पाहतात. मात्र जो पदार्थ ते किरण शोषीतच नाहीं, तो या डोळ्यास दिसत नाहीं. दुसरींत पदार्थाच्या रेणूंस विद्युत्‌भार देऊन त्यांची वजनावरून निवड करतात.

खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठीं वापरलें जाणारें सी. सी. सी., म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, पहिल्या रीतीस नीट सांपडत नाहीं. दुसरींत मात्र १२२ वजनाचा त्याचा कण व तो फुटल्यावर ५८ वजनाचा तुकडा, या दोन खुणांनीं तें ओळखतां येतें.

सन २०१० मध्यें युरोपांत गेलेल्या भारतीय द्राक्षांत हाच अंश आढळला. तेथील मर्यादा किलोस अवघी ०.०५ मिलिग्रॅम होती. माल अडकला व बागाइतदारांस मोठा फटका बसला. येथील तपासणीच्या यादींत हें औषध नव्हतें; जें यंत्रास शोधावयास सांगितलेंच नाहीं, तें त्यानें दाखवावें कसें ? पुढें तें यादींत घेतलें गेलें.

तात्पर्य, "आढळला नाहीं" म्हणजे यादींतील औषध यंत्राच्या मापनमर्यादेंत सांपडलें नाहीं, इतकेंच. यास्तव छाटणीपासून प्रत्येक फवारणी वहींत तारखेसह नोंदवावी, नांव नसलेलें टॉनिक वेलीस देऊं नये, व नमुना घेण्यास येणाऱ्यास ती वही दाखवावी. शंका असल्यास मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. यंत्र कितीही सूक्ष्म असो, बागेंत काय घातलें हें प्रथम बागाइतदारासच ठाऊक असतें.