शिकेकाई, रिठा आणि आवळा

(केस धुण्याची जुनी, घरगुती पद्धत आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आहे. त्या पद्धतीमागील शास्त्र काय आहे, तिचे फायदे कोणते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, 'शाम्पू' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. हा शब्द इंग्रजी आहे असे तुम्हांला वाटत असेल. पण त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. 'चांपना' म्हणजे दाबणे, चोळणे. डोक्याच्या मालिशीला आपण 'चंपी' म्हणतो, तोच हा शब्द. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद पुढे इंग्लंडला गेले. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी स्नानगृह काढले. तेथे वाफेचे स्नान आणि अंगाची मालिश होत असे. या मालिशीलाच ते 'शाम्पू' म्हणत. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज यानेही त्यांना आपल्या सेवेत नेमले होते. १८५१ साली ते वारले. त्यानंतर हळूहळू या शब्दाचा अर्थ बदलला आणि 'शाम्पू' म्हणजे केस धुणे असे लोक समजू लागले.

मग शाम्पूची बाटली येण्यापूर्वी आपले लोक केस कशाने धूत होते? शिकेकाई, रिठा आणि आवळा यांनी! उर्दूत आपण यांना सीकाकाई, रीठा आणि आमला म्हणतो. म्हणजे नावेसुद्धा जवळजवळ तीच आहेत.

शिकेकाई ही काटेरी वेल आहे. ती जंगलात मोठ्या झाडांच्या आधाराने वर चढते. तिच्या वाळलेल्या तपकिरी शेंगा आपण वापरतो. रिठा हे मोठे झाड आहे. त्याची फळे सुकली की सुरकुततात. आत काळी, टणक बी असते. ती काढून टाकायची आणि वरची साल वापरायची. सोनार दागिने उजळण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरतात. रेशमी आणि लोकरीचे कपडेही त्याने धुतात. वाळवलेल्या आवळ्याच्या फोडींना मराठीत 'आवळकाठी' म्हणतात. या तिन्ही वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात.

आता यामागचे शास्त्र पाहू. आपल्या डोक्याच्या त्वचेत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतून थोडे थोडे तेल बाहेर येते आणि केस मऊ राहतात. पण या तेलाला धूळ चिकटते. मालेगाव, भिवंडी यांसारख्या यंत्रमागांच्या गावांत तर कापसाचे बारीक तंतूही केसांत बसतात. नुसत्या पाण्याने हा मळ जात नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

शिकेकाईत आणि रिठ्यात 'सॅपोनिन' नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे टोक तेलाकडे. त्यामुळे तेल व मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. साबणही असेच काम करतो. मग फरक कोणता? तुम्ही स्वतःच एक प्रयोग करून पाहा. दोन स्वच्छ बाटल्यांत कूपनलिकेचे जड पाणी घ्या. एकीत साबणाचा थोडा कीस टाका. दुसरीत रिठ्याचे पाणी टाका. दोन्ही बाटल्या जोरात हलवा. साबणाच्या बाटलीत फेस कमी होईल आणि पांढरा साका दिसेल. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन हा साका बनतो. रिठ्याच्या बाटलीत मात्र फेस येईल आणि तसा साका होणार नाही. जड पाण्यात साबणाने धुतलेले केस चिकट आणि राठ का होतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

केस धुण्याचे पाणी असे तयार करा. सुमारे ५० ग्रॅम शिकेकाई, २५ ग्रॅम आवळकाठी आणि बी काढलेले ५-६ रिठे घ्या. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मोठ्या माणसांच्या मदतीने मंद आचेवर १०-१५ मिनिटे उकळा. थंड झाल्यावर हाताने कुस्करा आणि स्वच्छ फडक्याने गाळा. भांडे स्टीलचे घ्या. लोखंडी कढईत आवळ्याचे पाणी काळे पडते. आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग तयार होतो. जुन्या काळी माजूफळ आणि लोहक्षार यांपासून शाई करत, ती याच रीतीने. आणि 'शाई' हा मराठी शब्द आला कोठून? आपल्या 'सियाही'वरूनच!

केस ओले करून हे पाणी त्वचेला लावा आणि बोटांनी हलके चोळा. नंतर भरपूर साध्या पाण्याने केस धुवा. शाम्पूइतका फेस येत नाही, म्हणून केस स्वच्छ झाले नाहीत असे समजू नका. उरलेले पाणी दोन-तीन दिवसांत नासते. म्हणून लागेल तेवढेच करा.

काही गोष्टींची काळजी मात्र घेतली पाहिजे. हे पाणी डोळ्यांत गेले तर फार चुरचुरते. डोळे घट्ट मिटून घ्या आणि लहान भावंडांना विशेष जपा. रिठा पोटात जाता कामा नये. पहिल्यांदा वापरताना थोडे पाणी हाताला लावून पाहा. खाज सुटली किंवा पुरळ आले, तर ते वापरू नका. वस्तू नैसर्गिक आहे म्हणून ती प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

शिकेकाईने नवे केस उगवतात, असेही कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रोज ५० ते १०० केस गळणे ही साधारण गोष्ट आहे. कंगव्यात चार केस दिसले म्हणून घाबरू नका. पण डोक्यावर गोल चट्टे पडले किंवा खाज थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. नुसते केस धुऊन उवाही जात नाहीत. त्यासाठी ओल्या केसांतून बारीक दातांची फणी पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. उवा डोक्याला डोके लागून पसरतात. त्या कोणालाही होऊ शकतात. म्हणून वर्गातील एखाद्या मुलीला यावरून चिडवू नका. ती लाजेने शाळेत यायची थांबली, तर तिचे फार मोठे नुकसान होईल.

शाम्पू हे काही विष नाही. ज्यांना तो परवडतो आणि मानवतो, त्यांनी तो जरूर वापरावा. पण जाहिरातीतील बाटली घरात नाही म्हणून कोणी स्वतःला कमी समजू नये. स्वच्छता ही पैशांवर अवलंबून नाही. मूठभर शेंगा, थोडे पाणी आणि थोडी मेहनत एवढ्यावरही ती राखता येते.

शब्दार्थ

काष्ठौषधी – जडीबुटी
ग्रंथी – शरीरातील रस तयार करणारा भाग, गुदूद
जड पाणी – क्षार जास्त असलेले पाणी, भारी पानी
साका – तळाशी किंवा वर जमणारा गाळ
राठ – खरखरीत, कडक
मानवणे – प्रकृतीला सोसणे, रास येणे
न्हाणे – डोक्यावरून आंघोळ करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शाम्पू' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) रिठ्याचा कोणता भाग वापरतात?

२. कारणे लिहा.
(अ) नुसत्या पाण्याने केसांतील मळ जात नाही.
(आ) आवळा लोखंडी कढईत उकळला की पाणी काळे पडते.

३. 'शाई' हा शब्द 'सियाही'वरून आला. मराठी व उर्दू यांत सारखे असलेले आणखी पाच शब्द लिहा.

४. घरातील वडीलधाऱ्या माणसांना ते लहानपणी केस कशाने धूत होते ते विचारा आणि सात-आठ ओळी लिहा.