सामान्य विज्ञान : बुरशीचा पाठ

पाठाचा हेतू.— बुरशी ही नुसती घाण नसून सजीव आहे. ती कशी जगते, निसर्गात कोणते कार्य करते आणि तिच्यापासून घरातील धान्य कसे राखावे, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निरीक्षणावरून जाणावे.

साहित्य.— भाकरी, झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या, पाणी, भिंग, मिळाल्यास दगडफूल.

पूर्वतयारी.— पाठापूर्वी पाच दिवस भाकरीचे दोन तुकडे घ्यावेत. एक उन्हात कडक वाळवून एका बरणीत व दुसरा पाणी शिंपडून दुसऱ्या बरणीत ठेवावा. झाकणे लावून बरण्या सावलीत ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी रोज पाहून वहीत नोंद करावी. ओल्या तुकड्यावर कापसासारखे तंतू व पुढे काळी अगर हिरवी पूड दिसू लागते. कोरडा तुकडा तसाच राहतो. बरणी उघडून हुंगू नये. भिंगाने बाहेरूनच पाहावे.

विवेचन.— तुकडे एकाच भाकरीचे असता फरक का पडला, असे प्रथम विचारावे. ‘ओलीमुळे’ हे उत्तर विद्यार्थ्यांकडूनच यावे. नंतर पुढील माहिती सांगावी.

बुरशीत हरितद्रव्य नसते. म्हणून झाडाप्रमाणे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तिला तयार करता येत नाही. तिचे तंतू अन्नावर पाचक रस सोडतात व विरघळलेला अंश शोषून घेतात. आपण आधी खातो व मग पचवतो. बुरशी आधी पचवते व मग शोषते. वरची पूड म्हणजे तिची बीजुके. ती वाऱ्याबरोबर सर्वत्र जातात आणि ओल मिळेल तेथे रुजतात. पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री हाही बुरशीचाच भाग होय. तिचे तंतू जमिनीत पसरलेले असतात. रानातील छत्री विषारी की खाण्याजोगी, हे केवळ रंगावरून ठरत नाही. मुलांनी ती तोंडात घालू नये, हे बजावावे.

पालापाचोळा व लाकूड कुजवून त्यांतील द्रव्ये मातीस परत देणे, हे बुरशीचे मोठे कार्य होय. पाव फुगतो तो यीस्ट या बुरशीमुळे. मसाल्यातील दगडफूल म्हणजे बुरशी व शेवाळ यांचा सहवास. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवती जंतू वाढत नसल्याचे दिसले. त्यातून पेनिसिलीन हाती आले. पुण्याजवळ पिंपरी येथील सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले.

हीच बुरशी हानीही करते. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरवणारी काणी बुरशीच आहे. दाणे काणीची बीजुके बियाण्यास चिकटून पुढील पिकात जातात. म्हणून पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास चार ग्रॅम गंधकाची बारीक पूड चोळतात.

साठवणीतील धोका याहून मोठा आहे. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या सीमेवरील खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी चढली. तो मका खाऊन लोकांना कावीळ झाली व शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घरांतील कुत्रीही मेली. मका व भुईमूग यांवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. ते शिजवल्याने वा भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. बुरशी पुसून टाकली तरी दाण्यात उरते. असे धान्य जनावरांस घालणेही घातक होय.

दक्षता.— गरिबाच्या घरी धान्य टाकून देणे सोपे नसते. यास्तव कोणाच्या घरचे धान्य खराब आहे, असे वर्गात विचारून मुलास लाजवू नये. भर प्रतिबंधावर द्यावा. धान्य उन्हात पुरते वाळवावे. दाताखाली दाणा कट् असा फुटावा, भुईमुगाची शेंग हलवता खुळखुळावी. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. भिजलेले धान्य चांगल्यात मिसळू नये.

समारोप.— पाठानंतर बुरशीचा तुकडा आवारात पुरावा व जागेवर खूण करावी. महिन्याने तेथे उकरून पाहता विद्यार्थ्यांस बुरशीचे दुसरे कार्य कळेल.

स्वाध्याय.— (१) कोरड्या तुकड्यावर बुरशी का आली नाही? (२) पालापाचोळा कुजलाच नाही, तर रानाचे काय होईल? (३) आपल्या घरी धान्य कोठे व कसे ठेवतात, ते वडीलधाऱ्यांस विचारून पाच ओळी लिहा.