रिलिव्हर टिकवायची असेल तर

पोरी, मेट्रनच्या खुर्चीत बसलीस की पहिल्याच आठवड्यात सगळ्या इन्चार्ज एकच रडगाणं घेऊन येतील: माणूस कमी आहे, रिलिव्हर द्या. रिलिव्हरमध्ये जायला मात्र एकही सिस्टर राजी नसेल. आपल्याकडे तिथं नवखी, कंत्राटी, नाहीतर इन्चार्जशी भांडलेली पोरगी टाकतात. शिक्षेच्या जागेवर कोण टिकेल बाप्पा?

भारतीय परिचर्या परिषदेच्या हिशेबाने 100 सिस्टर लागत असतील तर रजेसाठी आणखी 30 हव्यात. तेवढ्या मिळणार नाहीत, तरी लेखी मागणी सोडू नकोस. मिळतील त्यांतून तयार हाताच्या निवड. सगळं हॉस्पिटलही एकीच्या गळ्यात बांधू नकोस. मेडिसिन, आयसीयू, कॅज्युअल्टी हा एक गट. लेबर रूम, पीएनसी, एसएनसीयू दुसरा. फोन कितीही येवोत, गटाबाहेर पाठवायचं नाही. उद्या कुठं जायचं ते तिला आदल्या संध्याकाळीच कळू दे.

आपल्या जिल्ह्याचं पंचांग निराळं आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी. 2017 मध्ये याच दिवसांत वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो दाखल झाले. त्यातच पोळा आणि महालक्ष्म्या, म्हणजे निम्म्या सिस्टरांचे रजेचे अर्ज. म्हणून जून-जुलैतच मेडिसिनच्या रिलिव्हरना बसवून शिकव: अॅट्रोपिन सुरू असताना बाहुल्या, नाडी, छातीतली घरघर कशी बघायची. असा पेशंट एक-दोन दिवस सुधारल्यासारखा वाटतो. मग मान उचलेनाशी होते आणि श्वास अडकतो. ज्या सिस्टरनं त्याला काल पाहिलं नाही, तिला तो ठीकच वाटणार. तेव्हा रिलिव्हरला ओव्हर टेबलावर नको, कॉटपाशी उभं राहून द्यायला लाव.

इन्चार्जनाही बजाव. सगळ्यात जड पेशंट रिलिव्हरच्या माथी मारायचे नाहीत. किल्ल्या आणि इमर्जन्सी ट्रे आल्या आल्या दाखवायचे. चहाला हाक मारायची. हसू नकोस, चहाला कुणी विचारलं नाही म्हणून वॉर्ड नको म्हणणाऱ्या पोरी मी पाहिल्यात.

भत्ता वाढवणं तुझ्या हातात नाही, ऑफ आहे. रिलिव्हरचा ऑफ मोडायचा नाही, म्हणजे नाही. वर्षातला एक मोठा सण तिच्या नावानं आधीच लिहून टाक. घाटंजी-दारव्ह्याहून येणारीला इव्हनिंग लावण्याआधी शेवटची एस.टी. किती वाजता ते विचार. आणि वर्ष पुरं झालं की वॉर्ड निवडायचा पहिला हक्क तिचा. हा शब्द एकीच्या बाबतीतही मोडलास, तर पुढच्या वर्षी कुणी नाव देणार नाही.

आता या महिन्याची ड्यूटी लिस्ट काढशील तेव्हा रिलिव्हरची नावं आधी भर, बाकीची मागून.